काळी गाडी की व्हॅन

वाळूजच्या कंपनीतली माझी नोकरी संपली आणि आम्ही जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. ह्यांचं भीमगीतांचं मंडळ आहे. पेटी, ढोलकी आणि गाणारी माणसं गावोगाव न्यायची, म्हणून ह्यांना व्हॅन हवी होती. मला नको होती. इतकी वर्षं शिफ्टच्या बसमध्ये माणसांची कोपरं खात काढली. आता पुन्हा तेच?

चिकलठाण्याला जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो, तर व्हॅनच्या शेजारीच एक काळी, बसकी, महागडी गाडी उभी. मालक म्हणाला, "मॅडम, ही पळायला बनवलेली आहे. चालवून तर बघा."

जालना रोडला जरासा पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. मी मोठ्यानं हसले. मागं बसलेल्या ह्यांनी माझी सीट घट्ट धरली.

गल्लीत मावते का बघायला गाडी पुंडलिकनगरला घरी आणली, मालकही सोबत. स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट खर्रकन घासलं आणि मालकानं डोळेच मिटले. तेवढ्यात आमच्या आत्याबाई, म्हणजे ह्यांच्या आई, बाहेर आल्या आणि दार उघडून आत बसल्या. त्या खोल सीटमध्ये पार बुडाल्या.

"आई, उतर आता," हे म्हणाले.

"मला नाय उतरायचं. लई गार हाय इथं."

शेवटी मी आणि शेजारणीनं धरून त्यांना ओढून काढलं. शेजारीण हसून बेजार झाली, आत्याबाईसुद्धा.

हे हळूच म्हणाले, "एवढी खूश तुला पाहिली नव्हती. हीच घेऊ. मंडळाचं बघू काहीतरी."

मला बरं वाटलं. पण दुकानात परत गेल्यावर म्हटलं, आलोच आहोत तर व्हॅनही बघू. तिचा गिअर अडखळत होता, आरसा थरथरत होता. पण उंचावरून पुढचा सगळा रस्ता दिसत होता. रिक्षावाले वाट देत होते. बसमध्ये असताना मला नेहमी एकाच माणसाचा हेवा वाटायचा, ड्रायव्हरचा. माझं वैर कोपरांशी होतं. त्या खुर्चीशी कधीच नव्हतं.

"व्हॅन घेऊ," मी म्हटलं. "पण चालवणार मी."

"व्हय की! मी कुठं नाही म्हणतो?"

पहिला कार्यक्रम वैजापूरकडच्या एका गावात होता. मंडळी मागं दाटीवाटीनं बसली, आत्याबाई पुढं माझ्या शेजारी. शहर सुटलं, रस्ता मोकळा झाला. मागं गाणं सुरू झालं आणि माझा पाय आपोआप दाबला गेला.

"अगं, जरा हळू!" मागून हे ओरडले.

"तू गाण्याकडं बघ," आत्याबाई मागं न वळता म्हणाल्या. मग माझ्याकडं झुकून हळूच, "त्या ट्रकच्या म्होरं काढ गं."

मी काढली.