झेलिगची तीन वेळची माफी

विनिपेगच्या उत्तर भागात झेलिग पोमरान्सला देवमाणूस म्हणणारे बरेच होते. त्यांच्यापैकी कोणालाच तो नीट माहीत नव्हता. टोप्यांचं चालतं दुकान, सिनेगॉगचं, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचं, कारभारीपण, पूर्वेच्या भिंतीजवळची मानाची जागा, आणि चेहरा असा, की जगाचा भार याच्याच मानेवर. कोणी आजारी पडलं की हा पहिला हजर. आजाऱ्याला स्वतःची दुखणी ऐकवून परत यायचा.

योम किप्पूरच्या, म्हणजे वर्षाची पापं फेडायच्या दिवसाच्या, उपासाआधी घरोघर जाऊन माफी मागायची आमच्यात रीत आहे. माणसाशी केलेलं पाप देव परस्पर माफ करत नाही, त्या माणसाचंच दार वाजवावं लागतं. झेलिग वाजवायचा, दूधवाल्यासारखं. "वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा!" उत्तर यायच्या आत पुढचं दार. एका दुपारी चाळीस घरं उरकून हा जेवायला घरी.

एक घर मात्र तो चुकवायचा, ब्लूमाचं. तिचा नवरा गेट्सल बेकरीवाला. बावीस वर्षांपूर्वी त्याने कारभारीपदाच्या निवडणुकीत झेलिगला पाडलं. पुढच्याच शनिवारी प्रार्थना संपल्यावर झेलिग भर सिनेगॉगात उभा राहिला आणि म्हणाला, "गेट्सलच्या भट्टीमागे मी डुकराच्या चरबीचा डबा पाहिला." पाहिला कसला! भट्टीमागे तो जन्मात गेला नव्हता. धर्मगुरू रब्बींनी जाऊन तपासलं, काही सापडलं नाही. पण डुक्कर आम्हाला वर्ज्य; पाव खाताना एकदा ते मनात आलं की घास उतरतो का? वर्षभरात भट्टी थंडावली. गेट्सल रेल्वेच्या गोदामात पोती उचलू लागला, आणि एका हिवाळ्यात तिथेच छातीत कळ येऊन गेला. मधल्या काळात कारभारी कोण झालं होतं, हे सांगायला नकोच.

यंदा झेलिगला सत्तरावं लागलं. डॉक्टरने छातीला नळी लावून जरा जास्तच वेळ ऐकलं, आणि त्या संध्याकाळपासून झेलिगचं मन त्याला खाऊ लागलं, असं तो बायकोला म्हणाला. मन कसलं, मरणाची भीती. तीन रात्री ग्रंथ चाळल्यावर त्याला हवा होता तो नियम सापडला. तीन साक्षीदार घेऊन तीन वेळा माफी मागावी. तिन्ही वेळा नाकारली, तर मागणारा मोकळा आणि दोष नाकारणाऱ्याच्या माथी. झेलिगला एवढा आनंद नातू झाला तेव्हाही झाला नव्हता. ब्लूमा माफ करणार नाही याची त्याला खात्री होती, आणि सगळी भिस्त त्याच खात्रीवर होती.

पहिल्यांदा ती "आता नको" म्हणाली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा दार उघडलंच नाही. झेलिग जिना उतरला तो जवळजवळ शीळ घालत.

तिसरी वेळ, संध्याकाळी उपास सुरू व्हायचा त्या दिवशी दुपारी. या खेपेला साक्षीदार त्याने निवडून घेतले. एक वेल्वल न्हावी, दहा वर्षांपूर्वी टोरांटोहून आलेला. त्याच्या कानात पडलेली गोष्ट अंधार पडायच्या आत सगळ्या गल्लीत फिरायची. झेलिग किती नम्र आणि विधवा किती दगडाची, हे लोकांना कळायला नको? दुसरा शाया शिंपी, बोलवाल तिथे येणारा. तिसरा योन्टल, त्याला ऐकू यायचं नाही. साक्षीदार तीन लागतात, कान सहा लागतात असं ग्रंथात कुठे आहे!

ब्लूमा स्वयंपाकघरात होती, उपासाआधीच्या जेवणासाठी कणकेच्या चकत्यांत खिमा भरत. तिने चौघांना आत घेतलं. झेलिग तिथेच थोडा बिचकला.

"ब्लूमावहिनी, माझ्या हातून जे काही झालं असेल..."

"काय झालं असेल?"

"अहो, माणूस आहे मी. चुकतो."

"ते दिसतंच आहे. कुठे चुकलास ते विचारतेय."

"सगळ्याचीच मागतोय की माफी!"

"मग सगळं माफ. तुझ्या दारातला बर्फ माझ्या दारात लोटलास, माफ. माझ्या लेकीला लग्नाच्या पंगतीत मागे बसवलंस, माफ." तिने हात पुसले. "राहिलं ते एक. ते तू चारचौघांत उभं राहून बोललास. आत्ताही चारचौघंच आहेत. म्हण, 'मी खोटं बोललो.' तिथल्या तिथे माफ करते, गेट्सलची शपथ."

वेल्वल पुढे सरकला. "कसलं खोटं, वहिनी?"

"त्याला विचार."

तीन शब्द. झेलिगचे ओठ उघडले, हे शायाने पाहिलं. मग झेलिगने वेल्वलच्या कानांकडे पाहिलं, पूर्वेच्या भिंतीजवळची जागा आठवली, आणि ओठ मिटले. नकारासाठी आलेल्या माणसाला माफी देऊ केली की त्याची काय गत होते, ती बघण्यासारखी होती.

"वहिनींना आज बरं नाहीसं दिसतं," तो म्हणाला. "चला, निघू या."

जिन्यावर वेल्वलने त्याची बाही धरली. "काय हो, कसलं खोटं?"

झेलिगने सुस्कारा सोडला आणि कपाळाला बोट लावलं. "गेट्सल गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या. काहीबाही बोलते. कोणाला सांगू नकोस हं."

वेल्वलला असं सांगणं म्हणजे दवंडी पिटायला लावणंच. झेलिगला ते माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? घरी जाऊन तो दोन वाट्या सूप प्यायला. तीनदा गेलो, साक्षीदार नेले, आणखी माणसाने काय करायचं, असं बायकोला म्हणालाही.

संध्याकाळी सिनेगॉग खच्चून भरलं होतं. वर बायकांच्या सज्ज्यात ब्लूमा आली, तशा दोघींनी तिला दंडाला धरून बसवलं. एकीने पुस्तकाचं पान उघडून दिलं आणि कुठून वाचायचं ते बोटाने दाखवलं, पोराला दाखवतात तसं. ब्लूमाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग खाली झेलिगकडे. काय झालंय ते तिला लगेच कळलं. दुसऱ्यांदा कळायला वेळ लागत नाही.

खाली सगळे मिळून पापांची यादी म्हणू लागले, दर पापाला छातीवर एक मूठ. झेलिगने पुस्तकात मान घातली आणि 'निंदा केली' या शब्दांना सगळ्यांत जोरात मूठ मारली.