पलटणीतलं नाव

कळमनुरीत आमच्या गल्लीत एका माजी सैनिकाची पिठाची गिरणी होती. कारगिलच्या लढाईनंतर ते फौजेतून घरी आले होते. बोलणं अगदी कमी. दळण झालं की पीठ बोटांत चोळून बघायचे आणि "बराबर हाय" एवढंच म्हणायचे.

एकदा परभणीकडचा त्यांचा जुना साथीदार भेटायला आला. जाताना तो मला म्हणाला, "पलटणीत आमी याला 'खांदा' म्हणायचो. मेलेली पोरं यानं खांद्यावर घेऊन डोंगराखाली आणली. आठ जण."

मला त्यांचा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी दळणाचा डबा ठेवत मी म्हणालो, "जय हिंद, खांदासाहेब!"

त्यांनी गिरणी बंद केली.

"मास्तर, ते नाव घेऊ नका."

"काहून?"

"नववा जिता होता. पाय गेले होते त्याचे. वरून गोळ्या येऊन राहिल्या होत्या, मी एकलाच खाली पळालो. तो मागून हाका मारून राहिला होता, खांदा, खांदा."

त्यांनी गिरणी पुन्हा चालू केली. त्या घरघरीत ते आणखी काहीतरी बोलले. काय म्हणालात, असं मी विचारलं नाही.