दहा मिनिटांत भरलेली बॅग

आपला नवरा दहा मिनिटांत बॅग भरतो, ही बातमी तिला प्रवास कंपनीच्या हॉलमध्ये कळली. तीही सगळ्यांच्या देखत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, हातात चहाचा कागदी कप धरून.

वसंत ऋतूत युरोपातल्या एका नदीवरून बोटीने जायचं होतं. लेकीने आणि जावयाने दोघांसाठी हौसेने ठरवलेलं. निघण्याआधी कंपनीने सगळ्या प्रवाशांना बोलावलं होतं, आणि गाइड मुलगी समजावून सांगत होती की तिथला वसंत म्हणजे लहरी माणूस आहे. सकाळी ऊन, दुपारी बोचरा वारा, संध्याकाळी पाऊस. बोट लहान, खोल्या त्याहून लहान, कपडे धुऊन मिळण्याची सोय नाही. तेव्हा माणशी एकच बॅग, आणि ती नीट विचार करून भरा. यावर एक बाई कुरकुरल्या, की एका बॅगेत एवढं सगळं मावायचं कसं?

झालं. तिचा नवरा उभाच राहिला. आयुष्यभर छपाईयंत्रांचे सुटे भाग विकत गावोगाव फिरलेला माणूस. कोणी ‘बोला’ म्हणायची वाट तो बघतच नाही.

“अहो, त्यात काय आहे? मी तीस वर्षं फिरतीवर होतो. दहा मिनिटांत बॅग तयार! डोकं थंड ठेवायचं आणि लागेल तेवढंच घ्यायचं. बायकांना ते जमत नाही, कारण त्यांना सगळं घर बरोबर न्यायचं असतं.”

लोक हसले. शेजारच्या खुर्चीवरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ तर टाळी द्यायला पुढे झुकले. त्यांची बायको हसली नाही, पण तिने वळून हिच्याकडे पाहिलं. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि चेहऱ्यावर पाहुण्यांसमोर ठेवतात तसलं हसू होतं. ते हसू उतरवायला तिला घरी पोचेपर्यंत वेळ लागला.

आता खरी गोष्ट सांगायलाच हवी, कारण तो काही ती सांगणार नाही.

त्या घरात बॅग भरायची एक रीत होती. गावाला जायच्या आदल्या संध्याकाळी नवरा कपाटातून शर्ट आणि पॅंट्स काढायचा, पलंगावर ठेवायचा आणि बातम्या बघायला जायचा. हीच ती दहा मिनिटं. सकाळी बॅग दाराशी उभी असायची. मधल्या वेळात तिच्यात बनियन जायचे, मोजे जायचे, रात्रीचे कपडे, टॉवेल, दाढीचं सामान, गोळ्या, चार्जर, सुईदोरा, आणि ज्या शर्टाचं बटण ढिलं असेल तेही शिवून जायचं. हे सगळं कुठून येतं, असा प्रश्न त्याला कधी पडला नाही. नळाला पाणी असतं तसे बॅगेत बनियन असतात.

आणि भरणारी कोण, तर कपबशांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात केस पांढरे होईपर्यंत काम केलेली बाई. दिवसभर तिथे खोकी भरायची, घरी येऊन नवऱ्याची बॅग भरायची. तिच्या हातचं खोकं हलवलं तर आतून आवाज येत नसे. कारखान्यात याबद्दल तिला मान होता. नवे लोक तिच्या बाजूला उभं राहून बघायचे. घरात कोण बघणार? पाठ करून टीव्हीसमोर बसलेल्याला काय दिसणार, कप्पाळ!

हॉलमधून परतताना रिक्षात नवरा खुशीत होता. “कसं ऐकत होते ना सगळे?” तो म्हणाला.

“बॅग मी भरते,” ती म्हणाली.

“हो गं. पण भरतेस म्हणजे काय, मी काढून देतो ते आत ठेवतेस.”

तो हे चिडून बोलला नाही. कुजकटपणानेही बोलला नाही. त्याला खरोखर तसंच वाटत होतं, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. टोमणा असता तर तिने उलट चार सुनावले असते. पण ज्याला आपण काही खाल्लंय हेच माहीत नाही, त्याच्याकडून पावती कसली घ्यायची? तिने ठरवलं. बरं बाबा. तू काढून देशील ते मी आत ठेवीन. एक दोराही जास्त नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने पलंगावर पसारा मांडला. दोन कोट, कप्तानाबरोबरच्या जेवणासाठी टाय, इस्त्रीचे शर्ट, पॅंट्स, तीन टोप्या, दुर्बीण, बुद्धिबळाचा पट. एक टोपी तर असली, की ती घालून माणूस मासे पकडायला निघालाय असं वाटावं.

“सगळं काढून दिलंत?” तिने विचारलं.

“सगळं.”

“पुन्हा एकदा बघा. तिथे थंडी आहे म्हणे.”

“अगं, तीस वर्षं बॅगा भरतोय मी,” तो म्हणाला आणि बाहेर गेला.

आता कोणी म्हणेल, तिने एकदा स्पष्ट सांगायचं होतं. का सांगायचं? संधी दिली होती, एकदा नाही, दोनदा. तिने बॅग भरायला घेतली. वाईट भरणं तिला जमतच नव्हतं. कोटांच्या बाह्या दुमडल्या, दुर्बीण शर्टांच्या मधोमध बसवली, टोप्या एकात एक. डाव्या बाजूला मोठी पोकळी राहिली. बनियनांची, चड्ड्यांची, मोज्यांची जागा. सामान हलायला नको म्हणून तिने कारखान्यातल्यासारखे वर्तमानपत्राचे बोळे केले आणि तिथे घट्ट दाबून बसवले. बॅग हलवून पाहिली. आवाज आला नाही.

त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र तिने आपल्या पर्समध्ये टाकल्या. राग आला म्हणून कोणी विधवा व्हायचं नसतं.

संध्याकाळी लेक आली. आईची बॅग अर्धी उघडी, बाबांची बंद होऊन दाराशी. “बघ आई, बाबांचं झालंसुद्धा! तुझंच नेहमी शेवटी.” ही हातातली कपड्याची घडी तशीच धरून उभी राहिली. पोटच्या पोरीलाही माहीत नव्हतं. तिच्या शाळेच्या सहलींच्या बॅगा कोणी भरल्या होत्या, तिच्या आज्याने?

बोटीवर पोचले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. काठावरच्या झाडांना कोवळी पालवी फुटलेली, आणि वारा असा की कान तुटून पडावेत. खोली खरंच लहान होती. दोन पलंग, एक खिडकी, भिंतीला टेकून एक बेसिन. नवऱ्याने बॅग उघडली आणि कागदाचा एक बोळा उचलून बाहेर काढला. मग दुसरा. मग त्याने हात कोपरापर्यंत आत घातला.

“माझे बनियन कुठेत?”

“घरी. कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात.”

“आणि चड्ड्या? मोजे? स्वेटर?”

“त्याच कपाटात.”

“दाढीचं सामान?”

ती आपल्या बॅगेतला स्वेटर काढून घालत होती.

तो पलंगाच्या कडेवर बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. त्याने लेकीला फोन लावला, आणि बायको दोन हात अंतरावर उभी असताना आवाज उगाच खाली आणून म्हणाला, “अगं, आई विसरायला लागलीय. माझे आतले कपडेच टाकले नाहीत तिने. नुसते कागद भरलेत. परत आलो की डॉक्टरांना दाखवू या.”

तिने फोन त्याच्या हातातून ओढूनच घेतला.

“मी काही विसरले नाही,” ती लेकीला म्हणाली. “बाबांनी काढून दिलं तेवढं सगळं आहे. एक टोपीसुद्धा इकडची तिकडे झालेली नाही. ठेव आता.”

फोन बंद करून ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढला, शेजारच्या खोलीत जाईल एवढा चढला, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

“तीस वर्षं तुम्ही गावोगावच्या हॉटेलात बॅग उघडलीत आणि तुम्हाला सगळं मिळालं. ते कोणी ठेवलं? दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असायचे माझे. तुमचं बटण शिवल्याशिवाय मी झोपले नाही. एकदा तरी विचारलंत? मला आरती ओवाळून घ्यायची नव्हती. पण त्या हॉलमध्ये उभं राहून ‘बायकांना जमत नाही’ म्हणालात, ते माझ्यासमोर!”

नवरा कागदाचा बोळा हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “मग सांगायचंस ना इतकी वर्षं.”

सांगायचंस ना! म्हणजे ही चूकसुद्धा तिचीच. ती काही बोलायला गेली आणि थांबली, कारण दगडावर डोकं आपटून दगड फुटत नाही, एवढं शहाणपण तिला होतं. जेवायला ती एकटी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट एका जुन्या गावाला लागली. ऊन पडलं होतं. नवऱ्याने रात्री आपली एकुलती एक चड्डी आणि मोज्यांचा जोड बेसिनमध्ये धुतला होता. पिळायचं कसं ते त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे दोन्ही खिडकीशी टपटपत होतं आणि तो पांघरूण ओढून बसला होता. “तू थांबशील?” त्याने विचारलं. तिने बूट घातले, त्याच्या गोळ्या पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवल्या आणि दार लावून घेतलं.

काठावर उतरायच्या फळीपाशी सगळे जमले होते. बँकवाल्यांनी तिला एकटीला पाहून हाक मारली. “काय हो, साहेब कुठेत? आज आम्हाला त्यांच्याकडून बॅगेचा धडा घ्यायचा होता!”

आजूबाजूचे चारदोन लोक वळून पाहू लागले. हॉलमधलेच सगळे. बँकवाल्यांची बायकोही पाहत होती. हिला वाटलं, म्हणावं बरं नाही त्यांना. म्हणावं थकलेत. आजवर असंच सावरत आली होती ती. पण कालच्या फोनवरचा तो हळू, काळजीचा आवाज तिच्या कानात अजून तसाच होता.

“ते खोलीत आहेत, कपडे वाळायची वाट बघतायत,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “दुसरे आणलेच नाहीत. या वेळची बॅग पहिल्यांदाच त्यांनी स्वतः भरली होती.”