डोळे बारीक करून मोजलेली डोकी

माझा काका पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होता. काम काय, तर उंच लोखंडी खुर्चीवर बसायचं, गळ्यात शिट्टी अडकवायची आणि दर पाच मिनिटांनी पाण्यातली डोकी मोजायची. जितकी उतरली तितकी दिसली की पुढची पाच मिनिटं सुखाची.

मोजतानाचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असे. आधी नाक वर चढायचं, मागोमाग गाल, आणि मग दोन्ही पापण्या इतक्या जवळ यायच्या की आत डोळे आहेत यावर आपण विश्वासच ठेवायचा. तलावावर सगळे त्याला 'दुर्बीण' म्हणायचे.

"पळू नका रे काठावर, दुर्बीण बघतेय!"

तिकीट खिडकीवरच्या बाई तर शपथेवर सांगत, "अहो, मी जरा दोन मिनिटं जागेवरून उठले, तर त्या टोकावरून असं बघितलं माझ्याकडे, असं बघितलं! जाऊन गपचूप बसले बाई मी." खरं म्हणजे काकाला तेव्हा, तिथे बाई उभ्या आहेत की खांब आहे, एवढंच ठरवायचं होतं.

कारण काकाला लांबचं दिसत नव्हतं. चारेक वर्षं तरी नव्हतं. उन्हात पाणी चमकतं, तिथे सगळेच डोळे बारीक करतात, म्हणून कुणाला शंका आली नाही. शंका फक्त काकूला.

"टीव्ही बघताय की टीव्हीशी भांडताय?"

"ऊन लागलंय डोळ्यांना."

"घरात? रात्री?"

मुलांनी लाल टोपी घालायची, मोठ्यांनी पिवळी, टोपी नाही तर पाणी नाही, हा नियमही काकानेच आणला. तलावाचे साहेब येईल त्याला ऐकवायचे, "शिस्त! शिस्त शिका त्यांच्याकडून!" शिस्त कसली. काळी डोकी पाण्यात विरघळून जायची, लाल-पिवळे ठिपके तेवढे मोजता यायचे.

आणि वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी. जीवरक्षकाला चष्म्याशिवाय ठरावीक ओळीपर्यंत वाचता आलं पाहिजे, कारण बुडणाऱ्यामागे उडी टाकताना चष्मा काही नाकावर थांबत नाही. नापास झाला की खुर्ची गेली. पापण्यांच्या फटीतून काका दर वर्षी पास होत आला होता. यंदाची तपासणी शुक्रवारी होती, आणि निवृत्तीला दीड वर्ष.

त्याआधीच्या मंगळवारी दुपारी आभाळ भरून आलं. मीही तेव्हा तलावाच्या काठावरच. पाण्यात शाळेची बावीस मुलं होती. काकाने मोजली, एकवीस. डोळे बारीक केले, तर सगळंच काळवंडलं. पुन्हा एकवीस. मग खोल बाजूला, तळाशी, त्याला लाल काहीतरी दिसलं.

"बाहेर! सगळे बाहेर!" शिट्टी फुंकत त्याने खुर्चीवरूनच उडी टाकली.

वर आला तो हातात टोपी घेऊन. नुसती टोपी. टोपीवाली पोरगी ओल्या केसांनी पाण्याच्या नळापाशी उभी होती. "अय्या, सापडली! मी कधीची शोधतेय."

सगळे पोट धरधरून हसले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "बघितलंत? टोपीसुद्धा सुटत नाही यांच्या नजरेतून!"

काका काठावर बसून राहिला. मी टॉवेल दिला, तो त्याने तसाच मांडीवर ठेवला.

"टोपी आहे की पोर आहे, मला कळलंच नाही," तो हळूच म्हणाला. "तुला इथून कळलं होतं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण मी "हो" म्हटलं.

त्याने मान डोलावली. "आज टोपी खाली होती. समजा, टोपी वर तरंगत असती आणि ती पोर खाली असती, तर मी बावीस मोजले असते. आणि निवांत बसलो असतो."

त्या रात्री ताटावर काकूने सगळं ऐकून घेतलं. मग आमटी वाढता वाढता म्हणाली, "इतकी वर्षं निभावलंत. दीडच वर्ष राहिलंय."

काका जेवत राहिला.

शुक्रवारी सकाळी तलावाच्याच इमारतीत डॉक्टरीणबाई आल्या. "वाचा."

वरच्या तीन ओळी काकाने धडाधड वाचल्या. चौथीला सवयीप्रमाणे नाक वर चढू लागलं, मागून गाल निघाले. तेवढ्यात काकाने चक्क हात वर केला आणि दोन बोटांनी पापणी वर धरून ठेवली, जसं दार आपोआप मिटू नये म्हणून धरतात तसं.

"पुढचं दिसत नाही, डॉक्टर."

"अहो, मागच्या वर्षी तर खालपर्यंत वाचलं होतंत."

"तेव्हा डोळे बारीक केले होते."

"हात्तिच्या! मला वाटलं, तुम्ही माझ्यावर चिडलाय. म्हणून मी घाईघाईने सही केली."

मग त्यांनी पिशवीतून एक काळी चकती काढली. मधोमध टाचणीएवढं भोक. "यातून वाचा." काकाने ती डोळ्यापुढे धरली आणि चौथी ओळ घडाघडा वाचून दाखवली. स्वतःच चमकून चकती उलटसुलट करून बघितली. "काच नाहीये यात!"

"काच कशाला? डोळ्याच्या बाहुलीच्या मधून प्रकाश येतो, कडेनेही येतो. तुमच्या डोळ्यात तो सगळा पडद्यावर एका जागी जुळत नाही, म्हणून एका ठिपक्याचा मोठा डाग होतो. डागांवर डाग चढले की अक्षर पुसट. भोकातून मधलाच बारीक झोत आत जातो. डाग लहान, अक्षर स्वच्छ. पापण्या मिटत आणून तुम्ही हेच करत होतात."

"म्हणजे मी फसवत नव्हतो? दिसत होतं ते खरंच दिसत होतं?"

"खरंच दिसत होतं. फक्त उजेड भरपूर असेल तेव्हा. आभाळ आलं की त्या फटीतून जाणार किती?"

"मंगळवारी आभाळ होतं," काका म्हणाला.

मंगळवारचं त्यांना काय माहीत? त्यांनी चष्म्याचा नंबर लिहिला, त्याखाली 'चष्म्याशिवाय नापास' अशी एक ओळ लिहिली आणि कागद पुढे केला. काकाने तो डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचला.

साहेबांच्या खोलीकडे जायच्या आधी तो तिकीट खिडकीशी थांबला. दहाची तुकडी टोप्या घालून पायऱ्यांवर उभी होती, एकाचा पाय पाण्यात गेलाही होता.

"बाई, दुसरा माणूस वर बसेपर्यंत कुणाला उतरू देऊ नका."

"का हो दादा? तुम्ही आहात की."

"मी आहे," काका म्हणाला, "पण मला दिसत नाही."

खिडकीचं झाकण पाडून बाई तरातरा पायऱ्यांकडे गेल्या, आणि त्या पोराला दंडाला धरून वर ओढलं.