सखूबाईनं निवडलेला डेलिया

सखूबाई घरत खांदा कॉलनीत लेकाकडे राहायला आली ती २००६ साली, नवऱ्याचं वर्षश्राद्ध उरकल्यावर. खाडीकाठच्या गावात त्यांची साडेतीन एकर खारजमीन होती. निम्मी रस्त्यात गेली, उरलेली गोदामांखाली. लेक शैलेश न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. सून किशोरी नाशिकची, नवीन पनवेलातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. दोघं डबे घेऊन बाहेर पडली की तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात सखूबाई एकटी उरायची. चाळीस वर्षं उजाडायच्या आत बांधावर पोचलेली बाई ती. आता उजाडायच्या आत उठून करायचं काय, तर गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगीत कोण किती वाजता दूध घेतंय ते बघायचं.

सुनेशी तिचं भांडण नव्हतं. फारसं बोलणंही नव्हतं. किशोरी तिच्याशी नीट वागायची, पण ते वागणं पाहुण्याशी वागावं तसं. घरातलं कुठलंच काम हिच्या हाती पडू द्यायची नाही. सखूबाईच्या मनाला तेच लागायचं.

दुसऱ्या वर्षी श्रावणात सोमवारचा उपास होता. घरात साबुदाणा भिजत घातलेला होता, पण सखूबाईला तो सोसत नसे. केर काढताना तिला सुनेच्या पलंगाखाली भाजीचा क्रेट दिसला. क्रेटमध्ये कोरडी वाळू आणि वाळूत लांबट, तपकिरी रताळी. तिला बरं वाटलं. गावाला तीही रताळी अशीच वाळूत घालून ठेवायची. शहरातल्या सुनेला एवढं तरी ठाऊक आहे! प्रत्येक झुपक्याला प्लॅस्टिकची पट्टी बांधलेली होती, पट्टीवर काहीबाही लिहिलं होतं. सखूबाईला अक्षरओळख नव्हती. तिनं जाड जाड अकरा निवडली, पट्ट्या सोडवून मोरीच्या कट्ट्यावर ठेवल्या, रताळी कुकरात उकडली आणि गुळाबरोबर खायला घेतली. चव काही लागेना. पाणचट, जराशी कडसर. दोन कशीबशी खाल्ली आणि बाकीची झाकून ठेवली.

संध्याकाळी किशोरी आली, तिनं आधी पट्ट्या बघितल्या, मग पातेल्यावरचं झाकण उचललं.

"आई, हे कुठून घेतलंत?"

"तुज्या पलंगाखालून. ठेवलीस बरी वालूत, पन रताल्यांना चव नाय गो."

किशोरी तिथंच खाली बसली. "रताळी नाहीत ती. डेलियाचे कंद आहेत. बाबांनी दिलेले."

डेलिया म्हणजे काय हे सखूबाईला ठाऊक नव्हतं. पण सुनेचा चेहरा बघून काहीतरी भलतंच झालंय एवढं तिला कळलं. आता ही ओरडणार म्हणून ती पदर सावरून उभी राहिली. किशोरीनं विचारलं ते वेगळंच.

"किती खाल्लेत? मळमळतंय का? पोटात दुखतंय?"

तिनं लॅबमधल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, डेलियाचा कंद विषारी नसतो. मग किशोरी स्वयंपाकघरात गेली आणि एकटीच कुकर घासत बसली. नळ बराच वेळ चालू होता. सखूबाईला वाटत होतं, हिनं दोन शब्द सुनावावेत म्हणजे आपण मोकळ्या होऊ. किशोरीनं एकही सुनावला नाही.

कंदांची गोष्ट तिला दुसऱ्या दिवशी शैलेशकडून कळली. किशोरीचे वडील दिनानाथ यांच्या नाशिकच्या अंगणात तीस वर्षं डेलिया होते. गुडघे गेले, बंगला सोडून ते फ्लॅटमध्ये आले आणि निवडक कंद लेकीला देऊन टाकले. पनवेलला हे कंद गच्चीत कुंड्यांमध्ये लावायचे म्हणून किशोरी पावसाळा संपायची वाट बघत होती.

सखूबाई दुपारी पलंगाखाली वाकली. वाळूत चार झुपके शिल्लक होते. बारीक म्हणून तिनं सोडलेले. क्रेट उजेडात आणून तिनं एकेक कंद बोटांनी दाबून बघितला. एक खालून मऊ लागला. मऊ भाग तिनं विळीवर कापून टाकला, कापल्या जागी चुलीतली राख लावायची तर घरात चूल नाही, म्हणून तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून वाटीभर राख आणली. किशोरी आली तेव्हा चारही झुपके वर्तमानपत्रावर पसरलेले होते.

"याला डोला कुठं असतो, दाखव," सखूबाई म्हणाली.

किशोरीनं कंदाची मान जिथं जुन्या दांड्याला चिकटते तिथला टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा दाखवला. "मान तुटली तर कंद कितीही जाड असो, फुटत नाही."

"म्हंजे हा मेला," सखूबाईनं एक झुपका बाजूला सारला. "तिघं जगतील."

तिघं जगले. ऑक्टोबरात त्यांनी तीन कुंड्या भरल्या. कुंड्यांत काय घालायचं यावर पहिल्यांदा दोघींची खरी बोलाचाली झाली. किशोरीनं पुस्तकातलं मिश्रण आणलं होतं, सखूबाईला ती माती हातात धरवेना. शेवटी निम्मं तिचं, निम्मं हिचं. पानांच्या तीन जोड्या आल्यावर किशोरीनं शेंडा खुडला तेव्हा सखूबाईनं डोळे मिटून घेतले. पण आठवड्याभरात बगलेतून चार फांद्या फुटल्या आणि ती रोज सकाळी दुप्पट जोमानं गच्चीचा जिना चढू लागली.

जानेवारीत दिनानाथ लेकीकडे आले. धापा टाकत गच्चीवर पोचले, खुर्चीत बसले आणि तीन कुंड्यांकडे बघत राहिले. एक पिवळा, चेंडूसारखा गच्च. एक पांढरा, कडेला जांभळी रेघ असलेला. एक विटकरी, मधला पिवळा डोळा उघडा ठेवणारा.

"बाकीचे? माझा तो ताटाएवढा जांभळा?"

"इथली हवा दमट ना बाबा," किशोरी म्हणाली, "कुजले."

सखूबाई पाण्याची बादली घेऊन उभी होती. तिनं बादली खाली ठेवली. "कुजले नाय. मी खाल्ले. उकडून."

दिनानाथांनी आधी लेकीकडे बघितलं, मग विहिणीकडे. मग त्यांनी चष्मा काढला.

"चव कशी होती?"

"पानचट."

ते हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली, किशोरी पाठीवर हात फिरवायला धावली आणि तीही हसू लागली. सखूबाईला त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा हलकं वाटलं.

हंगाम सरता सरता मात्र दोघींचं पुन्हा वाजलं. किशोरी वाळलेली फुलं कात्रीनं छाटत होती. विटकरी झाडाशी आली तेव्हा सखूबाईनं तिचा हात धरला. त्या उघड्या डोळ्याच्या फुलांवर मधमाश्या बसतात हे तिनं महिनाभर बघितलं होतं.

"ही ऱ्हाऊ दे. बी धरूं."

"आई, बियांनी झाडाची ताकद जाते. आणि बाबा म्हणतात, डेलियाचं बी लावून आईसारखं फूल येतच नाही. काहीही येतं."

"लेकरू आईसारका झाला नाय म्हनून कोनी टाकतं काय?" सखूबाई म्हणाली. मग जरा थांबून तिनं कधी न सांगितलेलं सांगितलं. त्यांच्या खाऱ्या जमिनीत राता पिकायचा, लाल तांदूळ, उधाणाचं पाणी शिरलं तरी तग धरणारा. दर वर्षी कापणीच्या आधी ती शेतातून फिरून लोंब्या निवडायची, बियाणं वेगळं ठेवायची. जमीन गेली तेव्हा तिनं डबाभर बी बरोबर आणलं. पेरायला जागा नव्हती. पहिल्या पावसाळ्यात त्याला पोरकिडे लागले आणि ते बी तिनं याच गच्चीवर चिमण्यांना घातलं. "डबा धुतला मी. पन बी धरायची सवय हातातून जात नाय."

किशोरीनं कात्री मिटली.

बियांची बोंडं महिन्यानं वाळली. आत कागदी पापुद्र्यांमध्ये चपटं, काळं बी. पुढच्या ऑक्टोबरात सखूबाईनं ते मासळीबाजारातून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यांत पेरलं. साठ-पासष्ट बियांतून त्रेचाळीस रोपं उठली. रंगाचे डबे, तेलाचे डबे, फुटक्या बादल्या; तळमजल्यावरच्या हेतलबेननं जुना पिंपसुद्धा दिला. दिनानाथांनी एका मित्राकडून मोठ्या फुलांचे पाच कंद मागवून पाठवले होते, तेही लावले.

मोठी फुलं आली ती खरंच ताटाएवढी. बिल्डिंगीतले लोक मोबाइल घेऊन वर यायचे. पण दुपारनंतर खाडीकडचा वारा सुटला की काठ्यांना बांधूनही ती माना टाकायची, टँकरच्या मचूळ पाण्यानं पानांच्या कडा करपायच्या. रोपं फुलली ती तऱ्हेतऱ्हेची. बहुतेक एकेरी, फिकट, कुठं मळकट गुलाबी. किशोरीला सगळीच हवी होती. सखूबाईनं तसं ठेवलं नाही. ती रोज दुपारी दोन वाजता, वारा जोरात असताना गच्चीवर जायची आणि पाठीवर हात बांधून प्रत्येक डब्यापुढे उभी राहायची. दांडा सरळ आहे का, पान करपलंय का, फूल खाली बघतंय की वर. आवडेल त्याला लाल दोरा बांधायची, बाकीची उपटायची.

"आई, ती गुलाबी नका ना काढू! रंग बघा किती छान आहे."

"रंग हाय, कना नाय."

गुलाबी एक किशोरीनं हट्टानं ठेवली. पहिल्या दोऱ्याची सात झाडं उरली, पुढच्या वर्षी त्यांतली चार, तिसऱ्या वर्षी एक. त्याचा रंग पिकल्या सुपारीच्या सालीसारखा, पाकळ्यांची टोकं फिकी, फूल मुठीएवढं. मार्चच्या उन्हातही ते फुलत राहायचं आणि पेल्यात ठेवलं तर आठवडाभर टिकायचं. गुलाबी एव्हाना कंद न धरताच मेली होती. सखूबाईनं त्याबद्दल सुनेला काही म्हटलं नाही.

२०१२च्या जानेवारीत पनवेलमध्ये फुलांचं प्रदर्शन होतं. किशोरीनं अर्ज आणला. त्यात जातीचं नाव लिहायचं होतं आणि कंद कुठल्या नर्सरीचा ते. दोन्ही रकाने कोरे राहिले. पुण्याहून आलेले परीक्षक त्या कुंडीपुढे दोनदा येऊन गेले.

"ही जात कोणती?" त्यांनी विचारलं.

"आमच्या गच्चीवरची," सखूबाई म्हणाली.

नाव नसलेली जात कुठल्याच गटात बसत नव्हती, त्यामुळे बक्षीस दुसऱ्याच कोणाच्या ताटाएवढ्या पिवळ्याला गेलं. किशोरी रिक्षात चिडचिड करत होती. सखूबाई मात्र कुंडी मांडीवर धरून बाहेर बघत होती. प्रदर्शनात शिरढोणच्या एका बाईनं, शाळेतल्या दोन शिक्षिकांनी आणि त्या परीक्षकांनीही तिच्याकडे कंद मागितला होता. एवढे लोक आपल्याकडे बियाणं मागतात ही गोष्ट तिला बक्षिसापेक्षा मोठी वाटत होती.

एप्रिलपासून लोक दारात येऊ लागले. सखूबाई कोणालाही सरसकट कंद द्यायची नाही. आधी चौकशी. ऊन किती वेळ असतं? वारा कुठून येतो? पाणी नळाचं की टँकरचं? तळमजल्याच्या अर्धवट उन्हातल्या हेतलबेनला तिनं जांभळ्या रेघेचा पांढरा दिला. शिरढोणच्या बाईचं उघडं परसू होतं, तिला सुपारीच्या रंगाचा. एक साहेब ताटाएवढाच पाहिजे म्हणून अडून बसले. त्यांना तिनं सरळ नाशिकचा पत्ता दिला.

ऑगस्टमध्ये काशिराम आला. तिच्याच गावचा, मिठागरात उभं आयुष्य गेलेला, आता जे.एन.पी.टी.च्या रस्त्यावर एका गोदामाचा वॉचमन. दारातच चपला काढून तो उभा राहिला.

"वयनी, मनापन एक पायजे. पन माज्याकडं जागा नाय. केबिनीच्या बाजूला तेलाचा डबा हाय, तेवडाच."

सखूबाईनं नेहमीचे प्रश्न विचारले नाहीत. रविवारी शैलेशला मोटरसायकल काढायला लावून ती स्वतः तिथं गेली. ट्रेलर एकामागून एक जात होते, केबिनीच्या पत्र्यावर धुळीचा थर होता. ती डब्याशेजारी स्टुलावर अर्धा तास बसून राहिली. वाऱ्याला तोंड दिलं, ड्रममधलं पाणी बोटानं चाखलं. शैलेश कंटाळून गेला.

"आई, इथं काय टिकणार आहे?"

"इथं जन्मलेला माणूस टिकलाय ना," ती म्हणाली आणि डबा भिंतीच्या आडोशाला सरकवायला लावला.

ऑक्टोबरात तिनं काशिरामला सुपारीच्या रंगाचा कंद दिला, तीन डोळ्यांचा, स्वतःसाठी ठेवलेल्यांतला. पानांवरची धूळ रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची हे त्याला चार वेळा बजावलं.

डिसेंबरच्या अखेरीस एका दुपारी फोन वाजला. मागं ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते.

"वयनी, कल्या आल्यान!"

"किती?"

"एका शेंड्याला तीन. दोन बाजूला, एक मधी."

"बाजूच्या दोन खुड. मधलीच ठेव, म्हंजे फूल मोठा येल."

"वयनी, खुडवत नाय गो."

सखूबाईनं रिसिव्हर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. किशोरी सुट्टीवर घरी होती, ती कान देऊन ऐकत होती.

"मग ऱ्हाऊ दे तिन्ही," सखूबाई म्हणाली. "बारकी येतील. पन येतील."