वाट्याच्या तळाचा बांगडा

मिरकरवाडा बंदरातल्या तुळसाकडे चकचकीत चाकांची एक व्हीलचेअर आहे. रोज सकाळी ती बर्फाच्या कारखान्यापर्यंत रिकामी जाते आणि बर्फाची लादी बसवून परत येते. खुर्ची शिबिरात मिळाली, मुलीसाठी. मुलगी शमिका तेरा वर्षांची. तिला बोलता येत नाही आणि वयाच्या मानाने समज कमी आहे, असं डॉक्टर सांगतात. पायांचं म्हणाल तर ती जेटीवर अशी पळते की धरायला दोन माणसं लागतात. हे तुळसाने शिबिरात सांगितलंही होतं. पण त्या दिवशी खुर्च्याच आल्या होत्या आणि यादीत शमिकाचं नाव होतं. मुलीला खुर्चीत बसवलं, पाहुण्यांनी मागे उभं राहून फोटो काढला, आणि फोटो झाल्याबरोबर शमिका उठून चालू लागली. टाळ्या वाजवणाऱ्या एवढ्या मंडळींपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

तेव्हापासून आधार द्यायला येणाऱ्या माणसांबद्दल तुळसाचं जे मत झालं ते झालं. ती त्यांना नावं ठेवत नसे, नुसती बघायची. मासळी विकणाऱ्या बाईची नजर ती. दारात उभं राहून भाव विचारणारं गिऱ्हाईक घेणार आहे की नुसतं वास घेऊन जाणार आहे, हे तिला गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत कळतं. या शिबिरवाल्यांना ती त्याच नजरेने बघायची आणि ते सगळेच तिला वास घेऊन जाणारे वाटायचे. फारसं चुकतही नव्हतं तिचं.

त्यांतला म्होरक्या दीपक. खालच्या बाजारात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि विशेष मुलांच्या पालकांसाठी चालवलेल्या एका संस्थेचा तो सेक्रेटरी आहे. माइक हातात आला की त्याचा गळा भरून येतो, आणि माइक खाली ठेवला की लगेच मोकळा होतो. ही मुलं म्हणजे देवाची देणगी, असं तो प्रत्येक भाषणात सांगतो. ही देणगी देवाने त्याच्या घरी का दिली नाही, हे तुळसाला त्याला एकदा विचारायचं होतं. पण दर रविवारी तो तिच्याकडून सुरमई नेतो. गिऱ्हाईक कशाला तोडा म्हणून ती गप्प बसली.

एकदा मुंबईहून एक समुपदेशक आला. त्याने सतरंजीवर बसलेल्या पस्तीस बायकांना डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, रोज निदान अर्धा तास फक्त स्वतःसाठी काढा, आवडता छंद जोपासा. तुळसा पहाटे चारला उठते, लिलावात माल घेते, दुपारपर्यंत पाटीभर मासळी खपवते. नवरा ट्रॉलरवर, महिन्यातले वीस दिवस पाण्यात. अर्धा तास म्हणे. तिने एक डोळा उघडून बघितलं, तर समुपदेशक स्वतः घड्याळ बघत होता. बाकीच्या बायका मात्र मुसमुसत होत्या. त्या रडणाऱ्या बायकांचा तिला जास्त राग आला. घरी जाऊन पुन्हा तेच भोगायचं, मग इथे येऊन कसल्या रडतात मेल्या, असं तिला वाटलं.

खरा आधार म्हणाल तर शेजारच्या यमुनाबाईंचा. सत्तरीची विधवा बाई. कुणी तिला शाल दिली नाही की नारळ दिला नाही. सकाळी तुळसा निघाली की शमिका यमुनाबाईंच्या पडवीत जाऊन बसायची. म्हातारी लसूण सोलायची आणि टरफलं शमिकाच्या हातात द्यायची. एवढंच. नऊ वर्षं हे चाललं, आणि गेल्या गणपतीनंतर म्हातारी दोन दिवसांच्या तापाने गेली.

मग तुळसाने शमिकाला बरोबर बाजारात नेऊन बघितलं. पाटीमागे गोणपाटावर तिला बसवायची. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी तुळसाने गिऱ्हाइकासाठी बांगड्यांचे वाटे लावले, आणि शमिकाने एका वाट्यातला बांगडा उचलून डाव्या खांद्यावरून मागे भिरकावला. तो गटाराच्या कडेला पडला. तुळसाने तिला एक थोबाडीत दिली, बांगडा धुऊन परत वाट्यात सारला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्यानंतरही रोज तेच. गिऱ्हाइकं हसायला लागली, शेजारच्या कोळणी हसायला लागल्या. तुळसाचा हात दिवसेंदिवस जोरात पडू लागला. त्यात मुलगी वयात आली, आणि जेटीवरचे पुरुष नको तसं बघायला लागले. शेवटी तुळसाने बाजारात नेणं बंद केलं. ती मुलीला खोलीत ठेवायची, बाहेरून कुलूप लावायची आणि किल्ली कमरेला खोचून पाटी उचलायची. दोन महिने असं चाललं होतं. परत आल्यावर दाराच्या आतल्या बाजूला नखांचे ओरखडे दिसायचे. तिकडे ती बघत नसे.

अशात मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीच्या कडेला दिवसभराचं केंद्र निघालं. सकाळी गाडी घ्यायला येणार, संध्याकाळी सोडणार, मधल्या वेळात मुलांना काहीबाही शिकवणार. जागा बारा. चालवणारी संस्था दीपकचीच. तुळसाने नाक मुरडलं, पण अर्ज आणला. आयुष्यात पहिल्यांदा या लोकांकडे तिला हवी अशी एक वस्तू होती, आणि ती वस्तू कुलपाच्या किल्लीएवढीच साधी होती.

अर्जात विचारलं होतं, मुलीला काय काय येतं. तुळसा सातवीपर्यंत शिकलेली. तिने ठळक अक्षरात लिहिलं, काही येत नाही. सवयच होती ती. पहिल्यांदा अपंगत्वाचा सरकारी दाखला काढायला गेली तेव्हा रांगेतल्या एका जुन्या आईने तिला शिकवलं होतं, की काय येतं असं विचारलं की काही येत नाही म्हणायचं, नाहीतर टक्के कमी पडतात. तुळसाला ते पटलं. लिलावात माल घेणाऱ्याने मालाला नावं ठेवायची असतात, तसंच हे. गेली दहा वर्षं प्रत्येक कागदावर तिने तेच लिहिलं होतं, प्रत्येक टेबलापुढे तेच सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी शमिका शेजारीच उभी होती. तिला कुठे काय कळतंय, असं समजून. खाली आणखी एक रकाना होता, काही त्रासदायक सवयी. तिथे तिने लिहिलं, वस्तू फेकते. आणि सही केली.

मुलाखतीला पुण्याहून वेदिका मॅडम आल्या होत्या. वय असेल तिशीच्या आतबाहेर, आणि तुळसाला पहिल्याच वाक्याला त्या आई म्हणाल्या. आपल्याहून दहा वर्षांनी लहान बाईने आपल्याला आई म्हणावं, ही या सगळ्या धंद्यातली तुळसाला सगळ्यात न आवडणारी गोष्ट. कोपऱ्यात दीपक मोबाईल बघत बसला होता. मॅडमनी टेबलावर चित्रांचे पुठ्ठे मांडले आणि गोड आवाजात शमिकाला विचारायला सुरुवात केली. सफरचंद कुठलं. शमिका पंख्याकडे बघत राहिली. छत्री कुठली. तरी पंख्याकडेच. मॅडम लिहीत होत्या. तुळसा मनात म्हणत होती, विचार बाई विचार, पगार मिळतोय ना.

मग मॅडमनी माशाचं चित्र पुढे सरकवलं.

शमिकाने पंख्यावरून नजर काढली. पुठ्ठा हातात घेतला. अंगठ्याचं नख माशाच्या डोक्यामागे नेमक्या जागी लावलं आणि वर उचलायला बघितलं. काही उचललं गेलं नाही. पुन्हा बघितलं. मग पुठ्ठा नाकाशी नेला, वास घेतला आणि डाव्या खांद्यावरून मागे भिरकावून दिला. तो जाऊन दीपकच्या पायाशी पडला.

मॅडमनी काहीतरी लिहिलं. उलट्या बाजूनेही तुळसाला एक शब्द वाचता आला, आक्रमक. मग मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं, की हे केंद्र शिकू शकणाऱ्या मुलांसाठी आहे, इतर मुलांच्या सुरक्षिततेचाही विचार करावा लागतो, आपण पुढच्या वर्षी पुन्हा बघू. आणि आई, तुम्ही खचून जाऊ नका.

तुळसाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. मिरकरवाड्याच्या बाजारात ज्या उत्तराने माणसं पाटीसमोरून पळतात, तसलं उत्तर. ते मॅडमच्या अंगावर फेकून, मुलीचा हात धरून ताठ मानेने निघून जाण्याइतकं सोपं काही नव्हतं. ती उठलीही. उठताना कमरेची किल्ली पोटाला टोचली.

ती परत बसली. तिच्या डोळ्यांपुढे तो डावा खांदा होता. वाट्यात सहा बांगडे असायचे. शमिकाने कधी दोन फेकले नव्हते, कधी पाटी उलथली नव्हती. एका वाट्यातला एकच, दरवेळी. आणि तो कुठला, हे तुळसाला आता बघायचीही गरज नव्हती. तो तिनेच स्वतःच्या हाताने तिथे ठेवलेला असायचा.

"मॅडम, ती आक्रमक नाय," तुळसा म्हणाली. "ती म्हावरं तपासते. कल्ला उचलून बघते. कल्ला लाल नसला, वास बरा नसला, तर फेकते."

मॅडमनी फाईल उलटी फिरवून तिच्यापुढे धरली. या वेळी आवाजात गोडवा नव्हता. "हे तुम्ही लिहिलंय. काही येत नाही. वस्तू फेकते. या आधीच्या तीन कागदांवरही तेच आहे. सही तुमची आहे. मी कशावर विश्वास ठेवू?"

पहिल्यांदाच या लोकांपैकी कुणीतरी तिला सरळ प्रश्न विचारला होता, आणि नेमकं त्याचं उत्तर द्यायची तुळसाला लाज वाटत होती. कोपऱ्यात रविवारचं गिऱ्हाईक बसलं होतं. बाहेरच्या बाकावर दोन आया बसल्या होत्या, दार उघडंच होतं. तुळसाकडची मासळी ताजी, ही पंचवीस वर्षांची कमाई. तिच्या आईची पाटी, मग तिची. या खोलीत बोललेलं संध्याकाळच्या आत साऱ्या बाजारात पोचणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"फेकते म्हणजे काय फेकते, ते मी लिवलं नाय," ती म्हणाली. "ताज्या वाट्याच्या तळाला मी कालचा बर्फातला बांगडा सारायची. गिऱ्हाइकाला कळायचं नाय. ही तेवढाच काढून फेकायची. आणि मी हिला मारायची. सगल्यांसमोर मारायची."

दीपकने मोबाईल खाली ठेवला. "म्हणजे वहिनी, आमची रविवारची सुरमई..."

"ती बी," तुळसा म्हणाली. "कवा कवा."

देवाच्या देणगीवर दहा-दहा मिनिटं बोलणारा हा माणूस पायाशी पडलेल्या माशाच्या पुठ्ठ्याकडे बघायला लागला. त्याचं तोंड बघून दुसऱ्या कुठल्याही दिवशी तुळसाला महिनाभर पुरेल एवढं हसू आलं असतं.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. आक्रमक हा शब्द खोडला आणि वर बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग कोरा कागद तुळसाकडे सरकवला आणि मुलीला काय येतं ते पुन्हा लिहून द्यायला सांगितलं. दाखल्याचे टक्के तुळसाच्या मनात येऊन गेले. कमी होतात की काय, कोण जाणे. तिने लिहिलं, शमिकाला ताजी आणि शिळी मासळी कळते. तिच्यापासून मला लपवता येत नाही. सही केली. मॅडमनी एक महिना बघू म्हणून सांगितलं, सोमवारपासून गाडी येईल. स्वतःची काळजी घ्या वगैरे त्या या वेळी म्हणाल्या नाहीत, त्याबद्दल तुळसाने मनातल्या मनात त्यांना थोडे गुण दिले. फार नाहीत. पुण्याची बाई ती, पुठ्ठ्यावरच्या माशाला कल्ला असतो असं समजणारी.

रिक्षातून येताना ती शमिकाकडे बघायचं टाळत होती. दहा वर्षं हिच्यासमोर, हिच्या डोक्यावरून, आपण काय काय बोललो ते एकेक तिला आठवत होतं.

घरी आल्यावर तिने दाराचं कुलूप काढून पाटाखाली टाकलं. सकाळची उरलेली पाटी मोरीजवळ होती. ती ओढून तिने शमिकापुढे ठेवली आणि स्वतः समोर जमिनीवर बसली. बघ, म्हणाली.

शमिका पाटीजवळ बसली. तिने आधी आईच्या हातांकडे बघितलं, दोन्ही हात कुठे आहेत ते. हात मांडीवर होते. मग तिने पहिला बांगडा उचलला, कल्ला वर केला, ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा नाकाशी नेला आणि फेकायच्या आधी थांबून आईकडे बघितलं. शिबिरवाल्यांकडे, समुपदेशकाकडे, रडणाऱ्या बायकांकडे तुळसा आयुष्यभर जसं बघत आली होती, अगदी तसं. त्या नजरेला काय म्हणतात ते तुळसाला कुणी सांगायची गरज नव्हती.

बांगडा डाव्या खांद्यावरून गेला आणि भिंतीला आपटला. तुळसाने मान खाली घातली आणि पाटी आणखी थोडी पुढे सरकवली.