वासंतीताईंचा पॅच

चूक माझी होती, हे आधीच सांगतो. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. असे अनुभव वाचून मी हसायचो. आता हसू येत नाही...

मी नवीन पनवेलला राहतो. अंधांना मराठी मजकूर वाचून दाखवणारं एक मोफत सॉफ्टवेअर आम्ही काही जण फावल्या वेळात बनवतो. त्यात दुरुस्ती, म्हणजे पॅच, कोणीही पाठवू शकतं. तो तपासून मूळ कोडमध्ये घालायचं काम माझ्याकडे. आमचे रिवाज दोनच – आलेल्या पॅचला उत्तर द्यायचं, आणि काम ज्याचं त्याचंच नाव लावायचं.

पनवेलजवळच्या नेरे गावच्या वासंतीताई निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान अंध. आमचं सॉफ्टवेअर त्यांना रोज दुपारी ‘साडेदोन वाजले’ असं सांगायचं. ताईंनी साठीनंतर प्रोग्रॅमिंग शिकून त्याचं ‘अडीच’ केलं आणि पॅच पाठवला. मांडणी विस्कटलेली होती, पण काम चोख. मी सगळ्यांसमोर लिहिलं, "आधी नियम वाचा. ही शाळेची वही नाही."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळं नीट करून पाठवलं. खाली एक ओळ – "सर, आता बघितलंत का?"

मी उत्तर दिलं नाही. दोन महिन्यांनी नवी आवृत्ती काढताना त्यांचाच कोड उचलला आणि स्वतःच्या नावावर घातला. लोकांनी कौतुक केलं. मी "थँक्स" लिहिलं!

त्यानंतरच्या सोमवारी, भरदुपारी, माझा कॉम्प्युटर म्हणाला, "अडीच वाजले." क्षणभर थांबला. मग त्याच यांत्रिक आवाजात – "सर, आता बघितलंत का?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला सर कोण म्हणतंय? या घरात तर कोणी म्हणत नाही!"

म्हणजे भास नव्हता. मी पूर्ण कोड चाळला. ते वाक्य कुठेच नव्हतं. मंगळवारी इंटरनेट बंद ठेवलं, ताईंचा मेसेज तर तेव्हा स्क्रीनवर उघडलेलाही नव्हता. अडीचला पुन्हा तेच. बुधवारीही.

शेवटी ताईंच्या ई-मेलखालचा नंबर लावला. त्यांच्या यजमानांनी उचलला. "ती गेली. गनपती झाले नि गेली. तुमी कोन?"

गुरुवारी लॅपटॉप घेऊन नेऱ्याला गेलो. काका ओटीवर बसले होते. मी नाव सांगितलं.

"तुमीच काय ते सर?" त्यांचा चेहरा उजळला, तेच मला सहन झालं नाही. "दुपारचं जेवन झालं का ती मशिनीवर बसायची. मी चिडवायचो, मास्तरीनबाई, निकाल लागला का? ती बोलायची, सर बिझी हाय, बगतील. शेवटी दवाखान्यात पन विचारलंन, बगितलं का सरांनी?"

मी सगळं सांगितलं. काम चोरल्याचं, आणि त्या आवाजाचंही. काकांनी चाचपत माझ्या लॅपटॉपवर हात ठेवला. मग म्हणाले, "मना पन ऐकवा."

त्यांच्या कॉम्प्युटरवर अजून जुनीच आवृत्ती होती. जिच्यासाठी ताईंनी खटपट केली ती दुरुस्ती त्यांच्याच घरात पोचली नव्हती. मी नवी आवृत्ती घातली. आम्ही अडीच वाजायची वाट पाहिली.

"अडीच वाजले."

काका कान देऊन बसले. एक मिनिट... दोन मिनिटं...

"बास? येवडंच?"

त्यानंतर तो आवाज माझ्या घरीही आला नाही. का आला, का थांबला, मला आजही माहीत नाही.

तिथेच ओटीवर बसून मी माझ्या नावावरची नोंद मागे घेतली आणि तोच कोड ताईंच्या नावाने पुन्हा घातला. सोबतचा मजकूर काकांना त्यांच्या मशीनने वाचून दाखवला –

"लेखक, वासंतीताई, नेरे. ताई, तुमचा पॅच बघितला. पहिल्याच दिवशी बरोबर होता. मी तुमचा अपमान केला, उत्तर दिलं नाही, आणि तुमचं काम माझं म्हणून दाखवलं. उशीर झाला. मला माफ करा."